कुंपणाबाहेरची कसोटी

टिपेश्वरचं नाव एके काळी यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आज नागपूर-हैदराबादपासून पुण्या-मुंबईपर्यंतचे वाघवेडे तिथल्या सफारीची तारीख मिळवण्यासाठी धडपडतात. जिल्ह्याच्या दक्षिणेला, घाटंजी आणि केळापूर या दोन तालुक्यांत पसरलेलं हे सागवानी जंगल १९९७ साली अभयारण्य झालं. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, नाव टिपाई देवीवरून आलेलं. घाटंजीकडून पारव्याच्या बाजूने जंगल सुरू होतं आणि पाटणबोरीच्या बाजूला ते राष्ट्रीय महामार्गाच्या जवळ येतं. महामार्गापलीकडे थोडं दक्षिणेला गेलं की पैनगंगा, आणि नदी ओलांडली की तेलंगण.

वाघामागोमाग पाहुणा येतो आणि पाहुण्यामागोमाग खोली. अभयारण्याच्या भोवती जिथे कालपरवापर्यंत पऱ्हाटी आणि तूर उभी असायची, तिथे आता मुक्कामाची ठिकाणं उभी राहत आहेत. त्यांतली पुष्कळशी स्वतःला निसर्गस्नेही म्हणवतात. पाटीवर हिरवं पान रंगवायला काही परवानगी लागत नाही. मग खरा निसर्गनिवास कोणता आणि नुसता हिरवा रंग कोणता, हे पाहुण्याने ओळखायचं कसं?

या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं: निसर्गनिवासाची परीक्षा खोलीच्या आत होत नाही, ती कुंपणाबाहेर होते. शेजारच्या विहिरीत पाणी किती उरलं, शेजारच्या घरात मजुरी किती गेली आणि शेजारून चालणाऱ्या जनावराला वाट मिळाली की नाही, हे तीन प्रश्न मातीच्या भिंतीपेक्षा आणि बांबूच्या खुर्चीपेक्षा महत्त्वाचे आहेत.

मलावीच्या तळ्यात एक बेट

अशा निवासांचे जुने आणि गाजलेले प्रयोग आफ्रिकेत झाले, म्हणून आधी तिकडे जाऊ. आफ्रिकेच्या पूर्व भागात जमीन हळूहळू फाटत आहे. त्या लांबलचक खचदरीत सरोवरांची रांग तयार झाली आहे: अल्बर्ट, एडवर्ड, किवू, टांगानिका आणि सर्वांत दक्षिणेला मलावी. मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी ७०० मीटर खोल. सिक्लिड कुळातल्या माशांच्या शेकडो जाती त्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. सरोवराच्या दक्षिण टोकाचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. युनेस्कोने १९८४ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या उद्यानात मुंबो नावाचं छोटंसं बेट आहे. त्यावर पर्यटकांसाठी एक तळ आहे. लाकडी चौथरे, गवताचं छप्पर, कापडाच्या भिंती. दिवे सौरऊर्जेवर. अंघोळीला नळ नाही. गरम पाणी बादलीत भरून वर टांगतात आणि खाली उभं राहून अंघोळ उरकायची. शौचालयात पाणी ओतत नाहीत. विष्ठा कोरडी ठेवून तिचं खत होऊ देतात. यातलं काहीही हौसेखातर केलेलं नाही. बेटावर सिमेंटचा शोषखड्डा केला असता, तर मैलापाणी खडकातून झिरपत थेट त्याच तळ्यात गेलं असतं ज्यातले मासे पाहायला लोक येतात. उद्या हा तळ हलवायचा ठरवला, तर काही पावसाळ्यांत बेटावर त्याची खूण उरणार नाही. चांगल्या निसर्गनिवासाची ही पहिली खूण समजावी: तो परत उचलता येतो.

पण या तळ्याला दुसरी बाजूही आहे. सरोवराकाठची लाखो माणसं माशावर जगतात आणि तिथला आवडता चांबो मासा अतिमासेमारीने खूप घटला आहे. उद्यानाच्या हद्दीत किनाऱ्यापासून शंभर मीटरपर्यंतचं पाणी संरक्षित आहे. माशांसाठी हे योग्यच. पण जो कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या खडकांपाशी जाळं टाकत होता, त्याच्या वाट्याला त्या शंभर मीटरांबद्दल काय आलं? पाहुणा ज्या निळ्या पाण्याचे पैसे मोजतो, त्या पाण्याची किंमत आधी कुणीतरी मोजलेली असते.

आफ्रिकेत या प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली. एक कठोर: टांझानियात १९५९ साली मसाई गुराख्यांना सेरेंगेटीतून बाहेर काढण्यात आलं, आणि तो सल तिथे आजही आहे. दुसरं उत्तर मालकीचं. केनियात इल न्ग्वेसी नावाच्या मसाई समूहाने १९९६ साली आपल्याच जमिनीवर, स्थानिक लाकूड आणि गवत वापरून निवास उभारला. मालक समूह, राखणदार समूहातलेच आणि येणारा नफाही समूहाच्या शाळा-दवाखान्यांकडे. त्याच वर्षी नामिबियाने कायदा बदलून गावसमूहांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर आणि पर्यटनावर हक्क दिले. त्यानंतर निवास चालवणारी कंपनी आणि गाव यांच्यात रीतसर करार होऊ लागले आणि मिळकतीतला ठरलेला वाटा गावाच्या खात्यात जमा होऊ लागला. गावाच्या दृष्टीने गेंडा किंवा सिंह हा केवळ सरकारचा राहिला नाही.

नागझिरा ते नवेगाव

तळ्याकाठचा मुक्काम विदर्भाला नवा नाही. नागझिऱ्याच्या तळ्याकाठी वनखात्याची विश्रामगृहं होती; लताकुंज, मधुकुंज ही त्यांची नावं जुन्या जंगलभटक्यांच्या तोंडी अजून आहेत. तिथे कित्येक वर्षं वीज नव्हती. दिवस मावळला की कंदील, आणि कंदील मालवला की तळ्यावर पाण्याला येणाऱ्या जनावरांचे आवाज. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथे मुक्काम करून ‘नागझिरा’ लिहिलं आणि मराठी वाचकाला जंगलात राहायचं म्हणजे काय करायचं, तर गप्प बसायचं, हे शिकवलं. त्या विश्रामगृहांना निसर्गस्नेही अशी पाटी कुणी लावली नव्हती. पण विजेविना, मोजक्या खोल्यांत, तळ्याच्या वेळापत्रकाने राहणं, हे आजच्या महागड्या निसर्गनिवासांचं सूत्र तिथे आपसूक पाळलं जात होतं.

नवेगावबांधचं तळं तर जंगलासाठी किंवा पर्यटकांसाठी बांधलेलंच नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी ते भातशेतीच्या पाण्यासाठी बांधलं. पूर्व विदर्भातल्या कोहळी समाजाने अशी असंख्य तळी उभारली. पुढे त्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरू लागले, मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी म्हणून राहिले आणि त्यांच्या लेखणीतून ते तळं घरोघरी पोहोचलं. लोकांनी स्वतःच्या गरजेसाठी निगा राखलेलं पाणी पक्ष्यांच्याही कामी आलं. माणूस हटवला तरच निसर्ग वाचतो, या समजुतीला हे तळं म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षांचं उत्तर आहे.

२०१२ साल भारतातल्या जंगल पर्यटनासाठी वळणाचं ठरलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन चालेल, आणि गाभ्यात पर्यटनासाठी नवी कायमची बांधकामं होणार नाहीत, हा त्यांचा मुख्य आशय. पुढच्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला.

धोरण बरोबर होतं. त्याचा एक परिणाम मात्र नीट लक्षात घेतला गेला नाही. मुक्काम जंगलाच्या आतून बाहेर आला, म्हणजे तो गावाच्या शिवारात आला. टिपेश्वर हा व्याघ्रप्रकल्प नसून अभयारण्य आहे, पण तिथलं चित्रही तेच: जंगल हद्दीच्या आत, पाहुण्यांच्या खोल्या हद्दीबाहेर शेतजमिनीवर. म्हणून निसर्गनिवासाचा हिशेब आता वनखात्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या हद्दीत अधिक लागतो.

भिंत कशाची?

घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. पोडातलं जुनं घर म्हणजे लाकडाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप आणि वर गवत किंवा कौलं. सारं साहित्य चालत जाऊन आणता येईल इतक्या अंतरातलं. टोपल्या, सूप, ताटवे विणण्यात कोलामांचा हात बसलेला. आज स्थापत्यकार ज्याला कमी ऊर्जेचं बांधकाम म्हणतात, त्याचं शिक्षण इथल्या पोडांत आधीपासून होतं.

नव्या निसर्गनिवासांत दाबलेल्या मातीची भिंत लोकप्रिय झाली आहे. लाकडी किंवा लोखंडी साच्यात ओलसर माती थराथराने टाकून ठोकतात. साचा काढला की पट्ट्यापट्ट्यांची देखणी भिंत उभी. इथे एक तांत्रिक अडचण येते. कापसाची काळी माती यासाठी चालत नाही. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला वाळू, मुरूम आणि मोजकी चिकण यांचं मिश्रण लागतं, आणि पावसात टिकावं म्हणून पुष्कळदा थोडं सिमेंट किंवा चुना मिसळतात. म्हणजे माती कुठून खणली, हा प्रश्न आलाच. शेजारच्या टेकडीचा मुरूम ट्रकांनी उचलून आणला असेल, तर भिंत मातीची असूनही टेकडी गेलेलीच आहे. पाया खणताना निघालेला मुरूम तिथेच वापरला, तर गोष्ट वेगळी.

जाड मातीची भिंत इथे शोभेसाठी नाही, तिला काम आहे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. फूट-दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला आठ-दहा तास लागतात. तोवर बाहेर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडता येतात. पातळ काँक्रीट आणि मोठ्या काचांच्या खोलीत ही सोय नाही. तिथे वातानुकूलन यंत्राला दिवसभर झुंजावं लागतं. दीड टनाचं यंत्र दहा तास चाललं, तर साधारण दहा-बारा युनिट वीज जाते. एक किलोवॉट क्षमतेची सौरपाटं दिवसाला सरासरी चार युनिट देतात. म्हणजे एका खोलीतल्या गारव्यासाठी तीन किलोवॉटची पाटं. छपरावर चार पाटं लावून छायाचित्र काढणं सोपं असतं; भिंतीची जाडी, खोल पडवी, वाऱ्याची दिशा आणि झाडाची सावली यांनी विजेची गरजच कमी करणं अवघड असतं. पाहुण्याने पाटं मोजण्याआधी पडवी पाहावी.

पाणी कुणाचं?

सगळ्यात कठीण हिशेब पाण्याचा. घाटंजी परिसराचा मोठा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठतं ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. शेजारी खोल बोअर घेऊन जोरात उपसा सुरू झाला, तर उथळ विहीर आधी आटते. बोअर ज्याची, त्याला पाणी. विहीर ज्याची, त्याला टँकर.

आता थोडी आकडेमोड करू. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. बारा खोल्यांचं एक रिसॉर्ट घ्या. चोवीस पाहुणे, आणि अंघोळ, चादरी धुणं, स्वयंपाक, बाग असं सगळं मिळून माणशी ३०० लिटर धरले, तर रोजचे ७,२०० लिटर होतात. तेवढ्यात सरकारी हिशेबाने १३० माणसांचं पाणी बसतं, म्हणजे एका पोडाचं.

पोहण्याचा तलाव त्यात धरलेला नाही. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तलाव भरायला ७० हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. तो एकदाच भरतो, असं मालक सांगतात. पण मे महिन्याच्या उन्हात दिवसाला निदान दहा मिलिमीटर पाणी उडून जातं. ५० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते ५०० लिटर झाले. नऊ माणसांचं रोजचं पाणी कुणीही न वापरता हवेत जातं, आणि तेही नेमकं त्या महिन्यात जेव्हा जंगलातले पाणवठे टँकरने भरावे लागतात.

उलटा हिशेबही मांडायला हवा. या भागात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून त्यातला ऐंशी टक्के पाऊस धरला, तरी ७२ हजार लिटर पाणी मिळतं. ते टाकीत साठवलं, उरलेलं बोअरभोवती जिरवलं आणि उतारावर बांध घालून शेततळं केलं, तर निवास जेवढं घेतो त्यातलं बरंचसं परत करू शकतो. करतो की नाही, हे मात्र उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावूनच कळतं.

सांडपाण्याचं उत्तर तर नागपुरातच आहे. ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. खडीवाळूच्या उथळ वाफ्यांत पाणकणीस, कर्दळ यांसारख्या वनस्पती लावतात. सांडपाणी त्यांच्या मुळांतून संथपणे जातं आणि मुळांवरचे जिवाणू घाण फस्त करतात. विजेची गरज नगण्य, बाहेर पडणारं पाणी बागेला चालतं. निवासात गेल्यावर ‘तुमचं अंघोळीचं पाणी शेवटी कुठे जातं ते दाखवा’ असं म्हणावं. जो मालक अभिमानाने वाफ्याकडे घेऊन जातो, त्याच्याकडे परत जायला हरकत नाही.

वाघाची वाट

२०१९ सालच्या फेब्रुवारीत टिपेश्वरमधल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. कागदोपत्री नाव टी१सी१; पुढे सारे त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. जूनमध्ये तो टिपेश्वर सोडून निघाला. यवतमाळ, नांदेड, तेलंगणातलं आदिलाबाद, मग हिंगोली, वाशीम, अकोला असं करत वर्षअखेरीला बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल १,३०० किलोमीटर झाली होती आणि पुढच्या काही महिन्यांत एकूण आकडा ३,००० किलोमीटरच्या वर गेला. शेतं, नाले, रस्ते, गावांच्या कडा, या साऱ्यांतून तो चालला, आणि फार थोड्यांना दिसला.

वॉकरने जे दाखवलं ते साधं आहे. दीडशे चौरस किलोमीटरमध्ये वयात आलेले सगळे नर मावत नाहीत. त्यांना बाहेर पडावंच लागतं. म्हणजे अभयारण्याबाहेरचा ओढा, पडीक रान, तुरीचं शेत ही वाघाच्या दृष्टीने घराचीच ओसरी. तिथे दहा फुटी तारेचं कुंपण, रात्रभर जळणारे दिवे आणि लग्नाचा डीजे आला, की वाट बंद होते. वाट बंद झालेला वाघ दुसरीकडे वळतो, आणि ती दुसरी बाजू बहुधा गावाची असते.

याच पट्ट्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. केळापूर-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी१ वाघीण, जिला बाहेरचं जग ‘अवनी’ म्हणून ओळखतं, २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारली गेली. देशभर निषेध झाले. पण त्याआधीची दोन वर्षं कापूस वेचायला जाताना बायका घोळक्याने जात होत्या, हेही तेवढंच खरं. वाघाचं कौतुक शहरात होतं आणि वाघाची धास्ती शिवारात वाटते. निसर्गनिवास नेमका या दोहोंच्या मधोमध उभा असतो. म्हणून त्याचं कुंपण कसं आहे, ओढ्याची कड मोकळी सोडली आहे का, दिवे झाकलेले आणि जमिनीकडे वळवलेले आहेत का, हे बारीकसारीक मुद्दे नाहीत.

पैसा कुठे थांबतो?

वाघ पाहायला येणाऱ्याचा पैसा गावात किती थांबतो, यावर गाव वाघाला किती सोसणार हे ठरतं. रोही आणि रानडुकरं पीक खातात, म्हणून इथला शेतकरी रात्रीच्या रात्री मचाणावर जागलीला जातो. शासन नुकसानभरपाई देतं. अभयारण्यांलगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही आहे, तिच्यातून गॅस जोडण्यांसारख्या सोयी होतात. पण शेजारच्या रिसॉर्टमध्ये एका रात्रीचं भाडं त्याच्या महिन्याच्या मजुरीइतकं असेल आणि त्यातला रुपयाही गावात येत नसेल, तर कोणत्याही योजनेने मन भरत नाही.

मोजायचं तर नोकऱ्यांची संख्या पुरेशी नाही, जागाही पाहावी लागते. गावातली पोरं फाटकावर आणि बागेत, व्यवस्थापक आणि आचारी बाहेरचे, अशी वाटणी सगळीकडे दिसते. जिथे पोडातली मुलगी स्वागतकक्षात बसते आणि गावातला तरुण पक्ष्यांची मराठी, कोलामी नावं सांगत पाहुण्यांना फिरवतो, तिथे काही बदललं आहे असं समजावं.

ताटातही हा हिशेब दिसतो. यवतमाळ जिल्ह्यात तुरीची डाळ घरची, ज्वारीची भाकरी घरची, अंबाडीची भाजी बांधावरची. जंगलातून मोहफुलं, चारोळी, सीताफळं येतात. तरीही पनीरच्या तीन भाज्या आणि फ्रिजमधले मटार ताटात येत असतील, तर पाहुण्याचा पैसा त्याच गाडीतून नागपूरला परत जातो ज्या गाडीतून मटार आले. स्थानिक जेवण मागणारा एक पाहुणा गावातल्या दोन घरांना गिऱ्हाईक मिळवून देतो.

हंगामाची एक गंमतही लक्षात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात अभयारण्याची फाटकं बंद असतात, आणि पेरणी, निंदण, डवरणी हीच कामं तेव्हा असतात. म्हणजे निवासात काम करणारा माणूस शेती न सोडता नोकरी करू शकतो. दिवाळीची गर्दी मात्र कापूस वेचणीवर येते आणि उन्हाळी सुट्टीची गर्दी तेंदूपत्त्याच्या तोडणीवर. शहाणा मालक सुट्ट्यांच्या पाळ्या या कामांच्या हिशेबाने लावतो.

मालकीच गावाकडे यावी, हा पुढचा टप्पा. वनहक्क कायदा २००६ साली आला. त्याने ग्रामसभेला सामूहिक वनक्षेत्राचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. इल न्ग्वेसीच्या मसाईंकडे जे होतं, त्याचा कायदेशीर पाया आपल्या गावांकडेही आहे. कमी पडतं ते भांडवल आणि हिशेब ठेवायचं शिक्षण. दहा तंबूंचा तळ, साधं जेवण, स्वच्छ शौचालय, गावातलेच वाटाडे: ग्रामसभेला बँकेने आणि वनखात्याने हात दिला, तर एवढं उभं करणं अशक्य नाही.

निघण्यापूर्वी

शेवटी पाहुण्याचा हिशेब. मुंबईहून विमानाने नागपूर, तिथून महामार्गाने दीडशे किलोमीटरच्या आसपास मोटार, दोन सफाऱ्या आणि एक रात्र. या प्रवासात जळलेलं इंधन मातीच्या भिंतीने भरून निघत नाही. त्यापेक्षा रेल्वेने यावं, चौघांनी एक गाडी करावी, आणि एका रात्रीऐवजी तीन रात्री राहावं. वाघ दिसला नाही तर पैसे फुकट गेले असं मानणाऱ्याने यायचंच नाही. त्याच्यामुळेच चालक गाडी जोरात हाकतात आणि वाघाला घेरतात.

जागा ठरवण्याआधी फोनवर पाच प्रश्न विचारावेत. पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं? कामावर असलेल्यांपैकी दहा किलोमीटरच्या आतले किती आणि ते कोणत्या हुद्द्यावर? जेवणातलं काय काय याच तालुक्यातलं? कुंपण कसलं आणि रात्री किती दिवे जळतात? कचरा गोळा करून नेमका कुठे पाठवता? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर खोलीत वातानुकूलन आहे की पंखा, ही बाब दुय्यम. उत्तरांऐवजी माहितीपत्रक आलं, तर दुसरी जागा शोधावी. आणि तिथे पोहोचल्यावर एक संध्याकाळ सफारी सोडून शेजारच्या गावात पायी जावं, ग्रामपंचायतीच्या पारावर बसावं आणि त्या निवासाबद्दल गावाला काय वाटतं ते ऐकावं. संकेतस्थळावरच्या तारांकित शेऱ्यांपेक्षा तो अभिप्राय जास्त खरा असतो.